सीमा हेच त्यांचं भांडवल: युरोपातली संघटित गुन्हेगारी एकट्या देशाला का आवरत नाही

प्रश्न एका स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: युरोपातले देश संघटित गुन्हेगारीला 'सगळ्यांच्या सुरक्षेची चिंता' का म्हणतात? प्रत्येकाने आपापलं घर सांभाळलं तर काय बिघडतं? आणि उघड्या सीमांमुळेच टोळ्यांचं फावत असेल, तर सीमा पुन्हा बंद का करत नाहीत?

आधी सांगते, मी पोलीस खात्यातली नाही. 23 वर्षं कंटेनर वाहतुकीत आहे. पहिली नऊ न्हावा शेवाला गेली, त्यानंतर बेल्जियममध्ये अँटवर्पला. सध्या माझं काम म्हणजे कोणता कंटेनर कुणी, कधी आणि कोणत्या कागदावर उचलला याचा माग ठेवणं. त्यामुळे जे माझ्या टेबलावरून जातं त्याबद्दल जास्त लिहीन आणि बाकीचं आटोपतं घेईन.

पाठ्यपुस्तकात वाचायला मिळतं की गुन्हेगार सीमा ओलांडतात म्हणून प्रश्न अवघड होतो. माझा अनुभव त्याच्याही पुढचा आहे. टोळीच्या दृष्टीने सीमा ही सोयीची वस्तू आहे. अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. अलीकडच्या पोलिसाला पलीकडे अधिकार नाही. अलीकडचा खबऱ्या पलीकडच्या ठाण्यात कुणाला ओळखत नाही. या फरकावरच टोळीचा धंदा चालतो. गोदाम एका देशात, माणसं दुसऱ्या देशातली, पैसा तिसऱ्यात आणि म्होरक्या चौथ्यात. प्रत्येक देशाच्या फाइलमध्ये गोष्टीचं एकेकच पान असतं आणि एका पानावरून कोर्टात कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.

एटीएमचं उदाहरण घ्या. नेदरलँड्समध्ये रात्री स्फोट करून एटीएम फोडणाऱ्या टोळ्या माजल्या होत्या. तिथल्या बँकांनी यंत्रांची संख्या कमी केली, रात्री ती बंद ठेवायला सुरुवात केली, स्फोट झाल्यास नोटा निकामी होतील अशी व्यवस्था बसवली. उपाय लागू पडला, तिथली प्रकरणं घटली. टोळ्या मात्र मोडल्या नाहीत, त्या जर्मनीत गेल्या. तिथे लोक अजून रोख पैसा बराच वापरतात, यंत्रं जास्त, आणि महामार्गाच्या मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही. मध्यरात्री स्फोट करायचा, ताकदीच्या गाडीत बसायचं आणि उजाडायच्या आत डच हद्दीत पोचायचं. 2022 साली जर्मनीत एटीएम उडवल्याच्या किंवा तसा प्रयत्न झाल्याच्या 496 घटनांची नोंद झाली. नेदरलँड्सने आपलं घर अगदी नीट सांभाळलं होतं. त्याचा त्रास शेजाऱ्याला झाला, आणि तिथे अनेकदा स्फोट व्हायचे ते वर माणसं झोपलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर. 'प्रत्येकाने आपापलं बघावं' याचं उत्तर मला तरी इथेच मिळतं.

आता बंदराकडे येते. अँटवर्प आणि रॉटरडॅम ही युरोपची दोन मोठी दारं. दोन्हीकडे वर्षाला सव्वा कोटीहून जास्त कंटेनर हाताळले जातात, वीस फुटी मापाने. त्यातले शंभरातले दहासुद्धा उघडून पाहिले जात नाहीत. पाहायला गेलं तर बंदर थांबेल आणि पाठोपाठ अर्ध्या युरोपातली दुकानं रिकामी पडतील. दक्षिण अमेरिकेतून येणारं कोकेन याच गर्दीत लपतं. केळ्यांचा कंटेनर त्यांना विशेष आवडतो. तो थंड ठेवलेला रीफर असतो, माल नाशवंत, म्हणून सगळ्यांनाच तो लवकर सोडायची घाई. पाठवणारा बागाईतदार आणि मागवणारा व्यापारी दोघंही प्रामाणिक असू शकतात. मधल्या कुठल्या तरी बंदरात दार उघडून दारालगतच पिशव्या ठेवतात आणि सील बदलतात. इकडे कंटेनर उतरला की मालकाच्या आधी कुणीतरी यार्डात शिरून पिशव्या काढून घेतं. अशा पोरांना डच भाषेत 'काढणारे' असंच नाव पडलंय. बरीचशी पंधरा ते वीस वयाची असतात. कधी रिकाम्या कंटेनरमध्ये दोनदोन दिवस लपून बसतात. हवा कोंडून त्यांतलं कुणी मेलं तर म्होरक्याला त्याचं नावही ठाऊक नसतं.

दुसरी पद्धत अधिक शांत आहे, आणि माझा संबंध तिच्याशीच येतो. आपल्याकडे माल सोडवायला डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरचा कागद लागतो, तसा इथे ट्रेलरवाल्याला एक पिन क्रमांक मिळायचा. पिन बरोबर असला की फाटक उघडायचं आणि कंटेनर ट्रेलरवर चढायचा. म्हणजे कोट्यवधी युरोंचा माल बाहेर काढायला ना बंदूक लागायची ना कुंपण तोडावं लागायचं. चार-सहा आकडे पुरायचे. आणि ते आकडे दिसायचे कुणाला, तर कार्यालयात बसलेल्या साध्या कारकुनाला.

तसा एक मुलगा माझ्या ओळखीत होता. एका वाहतूक कंपनीत बुकिंग बघायचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, नुकताच बाप झालेला. व्यायामशाळेत ओळख झालेल्या माणसाने त्याला एवढंच विचारलं, की एक कंटेनर कुठल्या रांगेत उभा आहे ते बघून सांगशील का. सांगितल्यावर सहा महिन्यांच्या पगाराएवढे पैसे हातात आले. दुसऱ्या वेळी पिन मागितला. त्याने नको म्हटल्यावर त्याच्या फोनवर त्याच्याच घराच्या दाराचा फोटो आला, पायरीवर बाळाची गाडी दिसत होती. पैसे परत करतो म्हणाला, पण ते परत घ्यायला कुणी तयार नव्हतं. तो माझ्याकडे आला तोवर तिसरी मागणी आली होती. मी त्याला वकिलाकडे आणि तिथून पोलिसांकडे घेऊन गेले. त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, कुटुंब शहर सोडून गेलं. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुला-मुलीला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते, कारण पहिला प्रश्न नेहमी इतका किरकोळ असतो की तो गुन्हा वाटतच नाही.

पुढे अँटवर्पने पिनची पद्धत मोडीत काढली. आता कंटेनर उचलण्याचा हक्क डिजिटल ओळखीने एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि कुणी काय पाहिलं याची नोंद राहते. यार्डात शिरायला बोटांचे ठसे लागतात. अँटवर्पमध्ये पकडलेल्या कोकेनचे आकडे बघा: 2022 मध्ये सुमारे 110 टन, 2023 मध्ये 116 टन आणि 2024 मध्ये एकदम 44 टन. हा शेवटचा आकडा वाचून आमच्याकडे काही जणांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही, कारण त्याच 2024 च्या शरद ऋतूत स्पेनच्या अल्जेसिरास बंदरात इक्वेडोरहून आलेल्या केळ्यांच्या एकाच कंटेनरमधून 13 टन कोकेन निघालं. त्या देशातली ती तोवरची सगळ्यात मोठी जप्ती. त्याच तपासात माद्रिदच्या राष्ट्रीय पोलिसांचा आर्थिक गुन्हे विभाग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यालाच अटक झाली आणि त्याच्या घराच्या भिंतींतून सुमारे 2 कोटी युरो रोख निघाले. आम्ही एक दार घट्ट लावलं तर माल दुसऱ्या दाराने येतो. म्हणूनच जानेवारी 2024 मध्ये युरोपीय बंदरांची एक आघाडी उभी राहिली. तिचा हेतू साधा आहे: अँटवर्पमध्ये सापडलेली युक्ती हॅम्बुर्गला, ल हाव्रला आणि लहान बंदरांनाही ताबडतोब कळावी.

'सुरक्षेची चिंता' हा शब्द मात्र फक्त अमली पदार्थांमुळे आलेला नाही. टोळ्या राज्यव्यवस्थेच्या अंगावर यायला लागल्या, तेव्हा तो आला. नेदरलँड्समध्ये मारेंगो नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात माफीच्या साक्षीदाराच्या निरपराध भावाचा 2018 मध्ये खून झाला. सप्टेंबर 2019 मध्ये त्या साक्षीदाराचे वकील डेर्क वीरसुम यांना घरासमोर गोळ्या घातल्या. जुलै 2021 मध्ये त्या साक्षीदाराचे सल्लागार आणि देशातले नामवंत गुन्हे-पत्रकार पेटर आर. द व्रीस यांच्यावर अॅमस्टरडॅमच्या भर वस्तीत हल्ला झाला, नऊ दिवसांनी ते गेले. मुख्य आरोपी रिदुआन ताघी दुबईत सापडला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला जन्मठेप झाली. टोळीचा म्होरक्या दुबईत बसून फोनवर सुपारी देतो, ही गोष्ट नव्वदच्या दशकातली मुंबई आठवणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की मुंबईत तपास एका पोलीस दलाकडे होता. इथे मारेकरी, हत्यार, गाडी आणि आदेश वेगवेगळ्या देशांतून येतात.

बेल्जियमच्या न्यायमंत्र्यांच्या घराजवळ सप्टेंबर 2022 मध्ये शस्त्रं असलेली गाडी सापडली आणि संशयित पकडले गेले ते नेदरलँड्समध्ये. डच राजकन्येला जिवाच्या धोक्यामुळे विद्यार्थ्यांच्या घरातून पुन्हा राजवाड्यात परतावं लागलं. जानेवारी 2023 मध्ये अँटवर्पच्या मेर्कसेम भागात एका घरावर झालेल्या गोळीबारात 11 वर्षांची मुलगी गेली. ते ठिकाण माझ्या घरापासून ट्रामने जाण्याइतकं जवळ आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयात कुणी फारसं बोललं नाही. आपण ज्या कागदांवर सह्या करतो त्यांतल्याच एखाद्याचं टोक तिथवर पोचलं असेल का, हा विचार मला कित्येक दिवस सोडत नव्हता.

पूर्वेकडेही हेच आहे. स्लोव्हाकियात यान कुचियाक हा तरुण पत्रकार इटलीतल्या एन्द्रांगेता टोळीचे धागे आपल्या देशातल्या सत्ताधाऱ्यांपर्यंत कसे पोचलेत ते शोधत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये त्याचा आणि त्याच्या वाग्दत्त वधूचा घरात खून झाला. लोक रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. टोळी दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाची, आणि पंतप्रधानपद गेलं ब्रातिस्लाव्हात.

उपाय म्हणून काय उभं राहिलं, ते परीक्षेसाठी तुम्हाला लागेलच, म्हणून भरभर सांगते. आपसातल्या सीमांवरची तपासणी काढणारा 1985 चा शेंगेन करार प्रत्यक्षात 1995 मध्ये लागू झाला, आणि सीमा उघडल्या त्याच वेळी हव्या असलेल्या माणसांची, चोरीच्या गाड्यांची सामायिक माहिती यंत्रणाही सुरू झाली. उघडी सीमा आणि सामायिक नोंद ही जोडी आहे, हे लोक विसरतात. युरोपोल या सामायिक पोलीस संस्थेचं काम 1999 पासून पूर्णपणे सुरू झालं, मुख्यालय हेगमध्ये. त्यांच्या अधिकाऱ्यांना कुणाला अटक करता येत नाही. ते माहिती जुळवतात. युरोजस्ट हे सरकारी वकिलांचं तसंच व्यासपीठ, 2002 मधलं. 2004 पासून युरोपीय अटक वॉरंट आलं आणि प्रत्यार्पणाचा विषय मंत्र्यांच्या टेबलावरून उठून थेट न्यायाधीशांकडे गेला. आरोपी राजी नसला तरी साधारण 60 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर 2020 च्या अखेरीस त्यांच्या पोलिसांना ती सामायिक नोंद दिसेनाशी झाली, आणि जर्मनीसह अनेक देश आपले नागरिक आता त्यांच्या हवाली करत नाहीत. एकट्याने राहिल्यावर काय गमवावं लागतं, ते त्यावरून समजतं.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती संयुक्त तपास पथकाची पद्धत. दोन-तीन देशांचे पोलीस आणि वकील एका प्रकरणापुरता करार करतात आणि एकाने गोळा केलेला पुरावा दुसऱ्याला थेट वापरता येतो, दर वेळी विनंतीपत्राची वाट पाहावी लागत नाही. एनक्रोचॅट प्रकरण असंच उलगडलं. हे टोळ्यांमध्ये चालणारे खास फोन होते. सहा महिन्यांचे सुमारे दीड हजार युरो, आणि एक आकडा दाबला की सगळं पुसलं जायचं. फ्रेंच आणि डच तपास यंत्रणांनी मिळून त्या जाळ्यात शिरकाव केला आणि कित्येक आठवडे संदेश घडता घडता वाचले. 13 जून 2020 च्या रात्री ते जाळं चालवणाऱ्यांना संशय आला, त्यांनी फोन फेकून द्या असा निरोप सगळ्यांना धाडला, पण तोवर उशीर झाला होता. त्याच वेळी नेदरलँड्समधल्या एका गावाजवळ सात कंटेनर सापडले. आतून आवाज बाहेर जाऊ नये असे मढवलेले, आणि एकात पट्टे लावलेली दंतवैद्याची खुर्ची. छळाची खोली होती ती. मी आयुष्यभर कंटेनर पाहत आलेय. त्या फोटोंकडे मला फार वेळ बघवलं नाही.

तीन वर्षांत त्या एका तपासातून 6,558 जणांना अटक झाली आणि सुमारे 90 कोटी युरो जप्त किंवा गोठवले गेले. 2021 मध्ये स्काय ईसीसी हे तसंच दुसरं जाळं बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्सने मिळून उघडलं. यावर वकिलांचे आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत: एका देशाने सरसकट टिपलेले संदेश दुसऱ्या देशाच्या कोर्टात कितपत चालावेत? युरोपीय संघाच्या न्यायालयाने 30 एप्रिल 2024 च्या निकालात अटींसह वाट मोकळी ठेवली, पण आरोपीला त्या पुराव्यावर बोलता आलं पाहिजे हेही सांगितलं. मला ते योग्य वाटतं. ओढूनताणून मिळवलेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकत नाही आणि टोळी आणखी निर्ढावते.

पैशाच्या बाबतीत मात्र युरोप अजून फार मागे आहे, आणि माझी खरी चिडचिड तिथे होते. इटलीने किंमत मोजून हा धडा घेतला. माफियाची मालमत्ता जप्त करा असं सांगणारे खासदार पिओ ला तोर्रे यांची एप्रिल 1982 मध्ये पालेर्मोत हत्या झाली, सप्टेंबरमध्ये जनरल दाल्ला किएझा यांची. त्याच महिन्यात कायदा झाला: माफिया पद्धतीच्या टोळीचा सदस्य असणं हाच गुन्हा, आणि मालमत्तेवर टाच. 1996 पासून जप्त घरं-जमिनी लोकोपयोगी कामाला देता येतात. आपल्या मोक्काशी, म्हणजे महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याशी तुलना करून बघा. सुटा गुन्हा न बघता टोळी म्हणून बघायचं, ही मूळ कल्पना दोन्हीकडे आहे. आयर्लंडमध्ये जून 1996 मध्ये पत्रकार व्हेरोनिका गेरिन यांचा खून झाला आणि काही महिन्यांतच तिथे गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेसाठी स्वतंत्र ब्युरो उभा राहिला. जर्मनीला जाग यायला 15 ऑगस्ट 2007 ची रात्र लागली: ड्युसबुर्गमध्ये एका इटालियन रेस्टॉरंटबाहेर सहा जणांना गोळ्या घातल्या, भांडण कालाब्रियातल्या सान लुका गावचं. तरी जप्तीचा कायदा नीट कडक व्हायला तिथे 2017 उजाडलं.

आणि एवढं होऊनही 2010 ते 2014 या काळाच्या युरोपोलच्या पाहणीत गुन्ह्यातून मिळालेल्या पैशांपैकी शेवटी जप्त होऊन सरकारजमा झाले ते जेमतेम 1.1 टक्के. बाकीचा पैसा हॉटेलात, बांधकामात, गाड्यांच्या व्यापारात मुरतो. 2024 च्या युरोपोलच्या अहवालात युरोपातल्या सगळ्यात धोकादायक 821 टोळ्यांचा अभ्यास आहे. 25 हजारांहून जास्त सदस्य, 112 राष्ट्रीयत्वांचे, आणि 86 टक्के टोळ्या कायदेशीर धंद्यांचा आडोसा घेतात. म्हणजे ट्रक कंपनी खरी, गोदाम खरं, जीएसटीसारखा भरलेला करही खरा. हा आडोसा एका देशात बसून दिसत नाही. कंपनी इथे नोंदलेली, संचालक तिथला, खातं तिसरीकडे. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्ध देखरेख ठेवायला फ्रँकफर्टला नवी युरोपीय यंत्रणा उभी राहते आहे. तिला दात आहेत की नाही, ते पुढच्या काही वर्षांत दिसेल.

राहिला सीमा बंद करण्याचा प्रश्न. तो प्रयोग 2020 मध्ये होऊन गेलाय. करोनात देशांनी सीमा बंद केल्या, माणसांची ये-जा थांबली, पण मालाचे ट्रक थांबवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. नाक्यावर पंधरा मिनिटांत सोडायच्या खास मार्गिका आखल्या गेल्या. मी तेव्हा घरून कागद हाताळत होते आणि केळ्यांचे रीफर नेहमीसारखे येत होते. कोकेनही येत होतं. वर सांगितलेले एनक्रोचॅटचे संदेश नेमके त्याच वसंत ऋतूतले आहेत. बंद सीमेने त्रास झाला तो सीमेपलीकडे नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांना आणि भेटीगाठी तुटलेल्या कुटुंबांना.

तुम्ही भारतातून विचारलंय म्हणून शेवटची एक गोष्ट. युरोपीय संघाच्या लिस्बनमधल्या अमली पदार्थविषयक संस्थेच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत केटामीन आणि मेफेड्रॉनच्या कुळातली रसायनं यांचा मोठा साठा भारतातून येतो, असं नोंदवलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत मेफेड्रॉनचा कारखाना पकडला, तेव्हा तपासाचे धागे दिल्लीमार्गे लंडनपर्यंत गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. न्हावा शेवाला असताना मीही रसायनांच्या ड्रमांचे कागद केले आहेत. ड्रमवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं की आम्ही पुढे सरकवायचो, त्यापलीकडे विचारायची पद्धत नव्हती. आता तसे ड्रम इकडे आले की मी आधी पाठवणाऱ्याचा पत्ता शोधते. गेल्या वर्षी एक पत्ता निघाला तो एका निवासी सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा होता, आणि कागदावर रसायनांचे निर्यातदार. मी तो कंटेनर कस्टम्सला कळवला. त्यांनी ताब्यात घेतला, माझा जबाब लिहून घेतला, आणि भारतातल्या यंत्रणेकडे माहिती पाठवतो म्हणाले.